मदत हवी आहे: न्यूमोनियात छातीत पाणी झालंय, नळीचा अनुभव कोणाला आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सासऱ्यांना (वय ७१, मधुमेह आहे) उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया झालाय, फुप्फुसाच्या आवरणालाही सूज आहे. खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणून खोकलासुद्धा दाबून धरतात. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, पण उतरलेला ताप परत चढतोय. सोनोग्राफीत पाणी दिसलं, त्यात जाळ्या धरल्यात, म्हणजे आत पडदे तयार होऊन पाण्याचे कप्पे पडलेत. सुईने काढलेलं पाणी गढूळ निघालं, पीएच (आम्लतेचं माप) ७.१. डॉक्टर म्हणतात, ७.२ च्या खाली गेलं की नुसत्या औषधावर भागत नाही, नळी घालून निचरा करावाच लागतो. टीबी नाही ना, हे बघायला एडीए तपासणीही पाठवलीय. मला हे पटतं. घरचे मात्र "या वयात छातीला भोक कशाला?" म्हणून अडून बसलेत, आणि आत्याबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन शेकायला हजर!

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सांगा: जाळ्या असताना नळीतून औषध सोडून काम झालं, की शेवटी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागली? नळी किती दिवस ठेवली? नंतर फुंकणीचे (फुप्फुस फुलवायचे) व्यायाम कधी सुरू केले? सयाजी हॉस्पिटलात दुसरं मत घेतलं असेल कोणी, तर तेही कळवा. घरगुती उपाय कृपया नकोत.