चांगली कंपनी घेऊन १५ वर्षं झाकण लावून ठेवायचं, जमतं का हे?

हरिपूरकर (सांगली):
नमस्कार मंडळी. वडिलांपासून हळदीची अडत आहे. यंदा चार लाख बाजूला काढलेत. मुलगा म्हणतो ऑप्शन (शेअरचा भाव चढेल की पडेल यावरचे सौदे), बायको म्हणते एफडी. माझ्या डोक्यात पेव आहे. आमच्याकडे हळद जमिनीखाली पेवात टाकायची, तोंड बंद करायचं आणि भाव येईपर्यंत तिकडं बघायचं नाही. तशाच पाच-सहा दणकट कंपन्या घेऊन ठेवाव्यात म्हणतो. पण दणकट ओळखायची कशी? नफा तर सगळ्यांचाच वाढलेला दिसतोय.

जुना_सातारी:
शेठ, ओली हळद पेवात टाकता का तुम्ही? मग झालं तर.

साताऱ्याच्या एमआयडीसीत ३१ वर्षं अकाउंट्सला काढली, म्हणून सांगतो. नफा नंतर, आधी वसुली. तुमच्या वहीत व्यापाऱ्यांकडं वीस लाख येणं दिसतं, वही म्हणते फायदा, आणि गल्ल्यात चहापुरते पैसे नसतात. कंपनीचं वेगळं काही नाही. वार्षिक अहवालात कॅश फ्लोचं पान असतं. धंद्यातून आलेली दहा वर्षांची रोकड बेरीज करा, शेजारी दहा वर्षांचा नफा मांडा. रोकड निम्मीही भरत नसेल तर अहवाल मिटा. (बँका आणि फायनान्स कंपन्यांना हे माप लावू नका, त्यांचा धंदाच उधारीचा.)

मी २००७ साली हे न बघता एका पूल-रस्तेवाल्या कंपनीत ८० हजार घातले. नफा वाढत होता, कर्ज त्याहून जोरात. २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवरून ८ हजारांच्या खाली आला, तरी मी ‘लाँग टर्म’ म्हणत हललो नाही. सेन्सेक्स वर आला. माझी कंपनी काही आली नाही.

आता न बघण्याचं. आमच्या गावची महाराष्ट्र स्कूटर्स, १९७५ ची, प्रिया स्कूटरवाली. स्कूटर बनणं कधीच थांबलं, पण कंपनीच्या तिजोरीत बजाज समूहाचे शेअर होते, त्यावर भाव कुठल्या कुठं गेला. स्कूटरची कंपनी समजून शेअर घेतलेल्यांचं नशीब निघालं. उलटंही होऊ शकलं असतं. वर्षातून एकदा झाकण उघडून बघाच, आपण ठेवलं तेच आत आहे का.

कराडची_सून:
काकांचं पटलं. शिवाय नॉमिनी भरा आणि घरात सांगून ठेवा. सासऱ्यांचे कागदी शेअर ट्रंकेत साड्यांखाली सापडले. सलग ७ वर्षं डिव्हिडंड न घेतल्यामुळं शेअरच सरकारच्या आयईपीएफकडं (गुंतवणूकदार संरक्षण निधीकडं) गेलेले. फॉर्म, वारस दाखला, हेलपाटे, दीड वर्ष गेलं. सासूबाई अजून म्हणतात, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं कुठं ठेवलेत.

विटेकर:
एवढी पानं कोण चाळणार? निफ्टीचा इंडेक्स फंड घ्या, त्यात निफ्टीतल्या सगळ्याच कंपन्या थोड्या थोड्या येतात, आणि हळद बघा.

जुना_सातारी:
चुकीचं नाही विटेकर. चाळायचा कंटाळा असेल तर तेच बरं. पण शेठना चाळायची हौस दिसतेय.

हरिपूरकर (सांगली):
आहेच हौस. सातारी अण्णा, २००५ च्या पुरात आमची दोन पेवं पाण्यात गेली होती, तुम्ही आठवण करून दिलीत. मनातल्या पहिल्याच कंपनीचा अहवाल काढला आणि बेरजेला मुलालाच बसवला. दहा वर्षांचा नफा ४१० कोटी, रोकड ९५. तोच म्हणाला, “बाबा, ही ओली आहे.”