डिसेंबरअखेर हरिश्चंद्रगड, एक रात्र मुक्काम: सॅकमध्ये काय भरावं?

पायवाट:
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहायचा बेत आहे. आम्ही चौघं, त्यात एक १२ वर्षांचा मुलगा. पुण्याहून आपल्याच गाडीने येणार. पावसाळी एकदिवसीय ट्रेक सगळ्यांचे झालेत, थंडीतला मुक्काम कोणीच केलेला नाही. तंबू कोकणकड्याच्या (गडाचा कोकणाकडे तोंड असलेला उभा कडा) पठारावर लावायचं डोक्यात आहे. स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यायची तर काय बघून घ्यावी? जाड जॅकेट विकत घ्यायलाच हवं का? स्टोव्ह न्यावा की वर जेवण मिळतं? आणि वाट पायथ्याच्या कोणत्या गावातून, खिरेश्वर की पाचनई?

डोंगरदादा:
आधी वाट ठरवा, ओझं किती झेपेल ते त्यावर आहे. पाचनईहून भरल्या सॅकनिशी अडीच-तीन तास लागतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे पाच-सहा तास धरा. खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे आणि त्यानंतर एकामागून एक टेकड्या. अंधार पडला की वाट चुकते ती नेमकी या टेकड्यांत. मुलगा बरोबर आहे तर पाचनईच. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी एकच्या आत पायथा सोडा. तंबू उजेडी लागला पाहिजे.

आता थंडी. गड सुमारे १४२४ मीटर उंच. पहाटे ६ ते १० अंश धरून चला, कड्यावर वारा असला तर त्याहून बोचरं. हिमालयाच्या मानाने हे काहीच नाही, तरी निम्मे लोक रात्रभर कुडकुडतात. याला कारणं दोन. चढताना घामाने भिजलेला बनियन तसाच अंगावर राहतो आणि रात्री खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते. जाड जॅकेट या दोन्हींवर इलाज नाही. तो पैसा मॅटवर घाला.

कपडे असे: चढायला पॉलिस्टरचा पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लवकर वाळणारी ट्रॅक पँट. जीन्स अजिबात नको, भिजली की सकाळपर्यंत वाळत नाही. चढताना थोडी थंडी वाजत असावी, म्हणजे कपडे बरोबर आहेत. स्वेटर घालून चढणारा माणूस वर ओलाचिंब पोचतो आणि वारा लागला की दहा मिनिटांत थरथरायला लागतो. वर पोचल्या पोचल्या, फोटोच्याही आधी, बनियनसकट वरचे सगळे कपडे बदला. मग कोरडा थर्मल किंवा टी-शर्ट, त्यावर फ्लीसचा उबदार थर, त्यावर विंडचीटर. पावसाळ्यातला विंडचीटर असेलच, तोच चालतो; वारा अडला की झालं. शिवाय कानटोपी, हातमोजे, आणि फक्त झोपण्यासाठी राखलेली लोकरी मोज्यांची एक जोडी. झोपायचा कोरडा जोड जाड प्लास्टिक पिशवीत गाठ मारून वेगळा ठेवा आणि काहीही झालं तरी त्याने चालू नका.

गिरिजा_ठाणे:
स्लीपिंग बॅगबद्दल. लेबलवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. झोप लागेल असा आकडा कम्फर्टचा. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा तगेल इतकंच. भाड्याने देणारे बरेचदा नुसतं 'शून्य डिग्रीची आहे' म्हणतात आणि लेबल उलगडून पाहिलं तर तो एक्स्ट्रीमचा आकडा निघतो. तुम्हाला कम्फर्ट ५ अंशांची हवी. सिंथेटिक भरणाची अशी बॅग साधारण दीड किलोची भरते. घेताना तीन गोष्टी तपासा: चेन वरपासून खालपर्यंत दोनदा चालवून बघा, डोक्याची टोपी आवळायची नाडी शाबूत आहे का ते पाहा, आणि बॅग उजेडासमोर धरा. भरण एकीकडे गोळा होऊन मध्ये नुसतं कापड उरलं असेल तर तिथूनच थंडी शिरणार. जुनी सुती चादर दुमडून दोन बाजूंनी शिवली की आतलं अस्तर तयार. थोडी ऊब वाढते आणि भाड्याच्या बॅगेचा वासही लागत नाही.

मॅट ८ ते १० मिलिमीटर जाडीची फोमची घ्या. घरातली ४ मिमीची योगा मॅट एकटी पुरत नाही. दोन एकावर एक टाकल्या तर भागतं. हवेची गादी टाळा. साध्या गादीत आतली हवा खेळत राहते नि पाठ गार पडते. शिवाय डिसेंबरात पठारावरचं गवत वाळलेलं असतं, काट्याकुसळांनी गादी पंक्चर व्हायला वेळ लागत नाही. अंगाखाली दबलेलं बॅगेचं भरण काही उपयोगाचं नसतं. खालून सगळी भिस्त मॅटवरच.

झोपण्याआधी लघवीला जाऊन या, कितीही कंटाळा आला तरी. जेवणानंतर दोन तासांनी एखादा शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-तूप-भाकरी खाल्ली तर पहाटेपर्यंत अंग गरम राहतं. स्टीलच्या एकपदरी बाटलीत गरम पाणी भरा, झाकण लावून बाटली उलटी करून गळत नाही ना बघा, मोजा चढवा आणि बाटली पायाशी ठेवा. पाण्याची विकतची पातळ बाटली यासाठी वापरू नका, उकळत्या पाण्याने ती आकसते.

अकोलेकर:
कम्फर्ट ५ वगैरे ठीक, पण कोकणकड्यावर तंबू कशाला? ऐन कड्यावर वारा थेट अंगावर येतो. सूर्यास्त कड्यावर बघा आणि मुक्कामाला मंदिराकडच्या गुहांत किंवा झाडीच्या आडोशाला या. वारा लागत नाही, दवही पडत नाही. फक्त कातळ गार असतो, तेव्हा गिरिजाताईंचं मॅटचं सांगणं तिथे दुप्पट लागू.

बाकी इथलं इथलं सांगतो. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. पाचनईला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा आणि मुक्काम कुठे करू देतात ते तिथेच विचारून घ्या. शेकोटीचा विचार काढून टाका. या दिवसांत सगळा डोंगर वाळक्या गवताचा असतो, एक ठिणगी पुरते. लाकडाच्या ऊबेवर विसंबून कपडे कमी आणणारेच रात्री अडकतात.

पिठलं-भाकरी गडावर मिळते, पाचनईतही मिळते. शनिवार-रविवारी प्रश्न नसतो, आडवारी मात्र आधी फोन करून माणसं सांगून ठेवा. पाणी वरच्या टाक्यांत डिसेंबरात भरपूर असतं, पण गाळून आणि क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करून प्या. पाकिटावर अर्धा तास लिहिलं असेल तर गार पाण्याला तासभर द्या. चढाईसाठी माणशी दोन लिटर पुरे. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

आणखी एक. फ्लीस आणि लोकरी मोजे घालून गवतातून चालू नका. कुसळं अशी रुततात की उपटता उपटता रात्र होते. चालताना वर गुळगुळीत कापड असावं.

माकडं दिवसा तंबूत शिरतात, उंदीर रात्री. खाण्याच्या पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवा. बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकूनच घाला, विंचू असतो. कड्याच्या पोटाला आग्यामोहोळं असतात. अंगाला अत्तर-डिओ लावून येऊ नका, धूर करू नका.

डोंगरदादा:
अकोलेकर, आडोशाचं पटलं. तरी सुट्टीच्या आठवड्यात गुहा भरलेल्या असतात, तंबू हाताशी असू दे. पठारावर लावायचा झाला तर कड्यापासून चांगलं आत, एखाद्या उंचवट्याच्या मागे, दार वाऱ्याच्या उलट दिशेला. मातीचा थर पातळ असल्याने खुंट्या जात नाहीत. २-३ मिमीच्या नायलॉन दोरीचे तीन-तीन मीटरचे सहा तुकडे न्या आणि तंबूच्या कड्या डोक्याएवढ्या दगडांना बांधा. खालचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडा. बाहेर राहिलं तर दवाचं पाणी त्यावर जमून थेट तुमच्याखाली येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थंडी म्हणून तंबू गच्च बंद करणं. श्वासाची वाफ कापडावर पाणी होऊन साचते, पहाटे थेंब टपकतात आणि बॅगा ओल्या होतात. दाराचा वरचा वीतभर भाग आणि मागची खिडकी उघडी ठेवा. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, त्यानेही आतून ओल धरते. नाक बाहेर, कानटोपी डोक्यावर.

चहाबाज:
जेवण वर मिळत असेल तरी स्टोव्ह न्याच. पहाटे पाचला कोणी चहा करून देत नाही!

गॅसचं गणित सोपं आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या लांब डब्यांत बहुधा निव्वळ ब्यूटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे ६-७ अंशांत डब्यातला दाब घटतो आणि ज्योत मरगळते. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा पेचाचा डबा घ्या, २३० ग्रॅमचा एक चौघांना एका रात्रीला भरपूर होतो. आडोशाला लिटरभर पाणी उकळायला १५ ते २० ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दुपटीने जातो. ब्यूटेनच असेल तर झोपताना डबा बॅगेत घ्या किंवा सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. आगीवर शेकायचा नाही. वारा अडवायला सॅक आणि दगड तीन बाजूंनी लावा, चौथी मोकळी. पत्र्याने चहूबाजूंनी झाकलं की उष्णता परतून डब्यावर येते आणि डबा फुटू शकतो. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचाच नाही. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोणी मुंबईहून लोकलने कसाऱ्यापर्यंत येणार असेल तर लक्षात ठेवा, रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हा आहे.

पायवाट:
मंडळी, खूप उपयोग झाला. पाचनई आणि आडोसा नक्की. आता सॅक किती लिटरची आणि मुलाकडे किती ओझं द्यावं? बॅटऱ्या किती?

गिरिजा_ठाणे:
मोठ्यांना ४५ ते ५० लिटर. अंदाजे हिशोब: रिकामी सॅक दीड किलो, बॅग दीड, मॅट अर्धा, कपडे दीड, तंबूचा वाटा एक, खाणं एक, पाणी दोन, बाकी किडूकमिडूक एक. दहा किलोत बसतं. अकराच्या वर गेलं तर काहीतरी उगाच भरलंय, बहुतेक वेळा कपडे. स्लीपिंग बॅग तळाशी, पाणी आणि खाणं पाठीला चिकटून मध्यभागी, विंडचीटर आणि बॅटरी वर हाताला लागतील अशा. सॅकच्या आत मोठी जाड कचऱ्याची पिशवी घालून त्यात सगळं भरा.

मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ओझं ठीक. ३५ किलोच्या मुलाला शाळेच्या दप्तरात त्याचे कपडे, पाणी आणि खाऊ, बस. मुलं थंडी सांगत नाहीत. तो गप्प झाला, बोलताना जीभ जड वाटली, बुटाची नाडी बांधता येईना, तर लगेच कोरडे कपडे, टोपी, गोड गरम काहीतरी आणि बॅगेत. गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात उतरायचा हट्ट तो करणारच. उतरू द्यायचं तर भर दुपारी, टॉवेल हातात घेऊन, संध्याकाळी मुळीच नाही.

हेडटॉर्च प्रत्येकी एक, कारण रात्र जवळपास १३ तासांची आहे. सेलचा एक जास्तीचा संच. मोबाइल विमान मोडवर टाका, नेटवर्क शोधण्यातच त्याची बॅटरी संपते. पॉवर बँक रात्री बॅगेत घ्या.

अकोलेकर:
शौचासाठी छोटं खुरपंही टाका. टाक्या आणि ओढ्यांपासून शंभर पावलांवर वीतभर खड्डा करायचा आणि बुजवायचा. टिश्यू पुरायचा नाही, उकरून वर येतो. दुहेरी पिशवीत घालून परत न्यायचा. गाडी पाचनईत लावता येते, तिथेच रात्रीच्या भाकऱ्यांचं सांगून वर निघा.