शिक्षकांचं डिजिटल प्रशिक्षण: लिंक नको, वर्गात या

विज्ञानवाली (सुदामानगर, इंदूर)

मी एका शासकीय शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शिक्षकांना डिजिटल साधनांचं प्रशिक्षण हवंच, पण आज ते ज्या पद्धतीनं दिलं जातं ती बंद व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबर 2020मध्ये केंद्र सरकारचं शिक्षकांसाठीचं 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा' या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवर आलं. 18 मॉड्यूल्स म्हणजे ऑनलाइन पाठ, प्रश्नमंजूषा, मग प्रमाणपत्र. कोरोनात दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण पुढे तीच सवय लागली. व्हॉट्सॲपवर लिंक येते, शेवटची तारीख येते, आणि कुठल्या शाळेचं किती टक्के झालं याची यादी फिरते. एकीकडे व्हिडिओ चालू असतो, दुसरीकडे वह्या तपासणं चालू असतं. शिक्षकांना मी दोष देणार नाही, वह्याही तपासायच्याच असतात.

मला मदत हवी आहे ती पुढच्या आठवड्याच्या धड्यासाठी. समजा पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या आहेत. फळ्यावर कणांचे ठिपके काढता येतात, पण ते हलत नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावर याचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारं हलतं चित्र, फुकट आहे, हिंदीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. हे कुणीतरी माझ्या वर्गात, माझ्या मुलांसमोर करून दाखवावं. मग मी तास घेताना मागच्या बाकावर बसावं आणि नंतर सांगावं, "बाई, तापमान वाढवण्याआधी मुलांना अंदाज बांधू द्यायचा होता, तुम्ही उत्तर आधीच देऊन टाकलंत." असं मागे बसून सांगणारं माणूस मला आजवर एकाही प्रशिक्षणानं दिलेलं नाही. जॉइस आणि शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1980च्या सुमारास हेच मांडलं होतं: ऐकून आणि बघून माहिती होते, पण ती वर्गात उतरायला सराव, अभिप्राय आणि नंतरची सोबत लागते.

आपल्या इंदुरात तर देवी अहिल्या विद्यापीठाचं ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक व्हिडिओ बनवणारं केंद्र आहे. कॅमेरा, ध्वनी, संकलन जाणणारी माणसं तिथे उच्च शिक्षणासाठी कार्यक्रम तयार करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या शिक्षकांनाही तिथे बसून पाच मिनिटांचा नीट ऐकू येणारा पाठ बनवायला शिकू द्यावं.

निवृत्त मुख्याध्यापक, राजेंद्रनगर

बाई, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं शिक्षकांना लावता येतात, आणि ती लावली जातातच. उरलेल्या वेळातून प्रशिक्षणाला दिवस काढायचे म्हणजे मुलांच्या तासांतूनच काढायचे. सहावीतलं पोर अडखळत वाचतंय, त्याला आधी वाचायला शिकवा.

आणि बर्फ वितळताना बघायला पडदा कशाला? बर्फ शाळेत आणा. त्यात थर्मामीटर ठेवा. सगळा बर्फ पाणी होईपर्यंत पारा शून्याजवळ अडून राहतो, हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. हात गार पडला की ते विसरत नाहीत.

विज्ञानवाली

सर, बर्फ मी आणतेच. पण पारा अडला की मुलं विचारतात, "आपण उष्णता देतोय, मग ती जाते कुठे?" त्याचं उत्तर कणांच्या पातळीवर आहे, आणि कण भांड्यात दिसत नाहीत. आधी बर्फ, मग सिम्युलेशन. कुठे थांबायचं आणि पडदा कधी बंद करायचा, हे कुणी शिकवत नाही. बटणं कुठली दाबायची तेवढंच शिकवतात.

डायटमधला प्रशिक्षक

डायट म्हणजे जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था. मी मॉड्यूल तयार करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून राहवत नाही. 2019मध्ये 'निष्ठा' सुरू झालं तेव्हा लक्ष्य सुमारे 42 लाख शिक्षकांचं होतं. त्या प्रत्येकामागे बाकावर बसायला माणूस कुठून आणणार? त्याआधी साखळी पद्धत होती: राज्याचा प्रशिक्षक जिल्ह्याला शिकवी, जिल्हा विकासखंडाला (ब्लॉकला), आणि शाळेपर्यंत पोचेस्तोवर निम्मं गळून जाई. मॉड्यूलमुळे झाबुआच्या शिक्षकाला तेच ऐकायला मिळतं जे भोपाळच्या शिक्षकाला मिळतं. नव्या शैक्षणिक धोरणानं वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते ऑनलाइनशिवाय भरून दाखवा.

विज्ञानवाली

दादा, तास भरणं हेच उद्दिष्ट झालं, इथेच तर दुखतंय. माणूस नवा आणायला नको. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे जनशिक्षक आहेतच, ते शाळेत येतातच. त्यांनी पूर्ण एक तास बसावं.

वकील आणि पालक, तिलकनगर

एक मुद्दा कुणीच घेतला नाही. वर्गात शिकवताना शिक्षकानं दुसऱ्याचं साहित्य वापरण्याला 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मोकळीक देतं. तोच पाठ यूट्यूबवर टाकला की ती मोकळीक गृहीत धरू नका. व्हिडिओत मुलांचे चेहरे असतील तर 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पालकांची संमती मागतो. माझ्या मुलीच्या वर्गाचे व्हिडिओ मला न विचारता फिरतात. कॅमेरा शिकवण्याआधी हे शिकवा.

निवृत्त मुख्याध्यापक, राजेंद्रनगर

वकीलसाहेबांचं शंभर टक्के पटलं. जनशिक्षकांचं नाही पटलं. ते पटसंख्या बघतात, मध्यान्ह भोजन बघतात, सही करतात. विज्ञानाचा तास पारखायला विज्ञान यावं लागतं. ते त्यांना कोण शिकवणार?

विज्ञानवाली

मग आम्हीच एकमेकींचे तास बघतो. शेजारच्या दोन शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसावं. विभागानं तेवढा वेळ प्रशिक्षण म्हणून मोजावा, एवढीच मागणी आहे. सर, तुम्हीही बसा, बर्फाच्या तासाला.

डायटमधला प्रशिक्षक

शहरात हे जमेल, आणि तास मोजायची मागणी मी वर पाठवायला तयार आहे. पण अलिराजपूरकडच्या एकशिक्षकी शाळेतला मास्तर दुसऱ्याचा तास बघायला गेला तर त्याच्या शाळेला कुलूप लागेल. त्याच्यासाठी तरी मॉड्यूल राहू द्या.