मदत हवी आहे: दात्याच्या वीर्यानं आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), क्लिनिक निवडताना काय बघितलंत?

मी आणि माझी जोडीदार, दोघी बायका. गर्भ मी वाढवणार हे पक्कं, घोडं अडलंय क्लिनिकवर. एका ठिकाणी फॉर्मवर ‘पतीचं नाव’ असा रकाना. ‘रिकामा सोडा,’ म्हणे, आणि ही माझ्या शेजारीच बसलेली! दुसरीकडे वागणूक छान, पण दात्याची माहिती म्हणजे उंची न् रक्तगट, बस्स. मोठं झाल्यावर मुलाला दात्याची ओळख कळावी असं आम्हाला वाटतं.

एक मित्र तयार आहे. पण घरीच केलं तर वीर्य गोठवून ठेवणं, काही महिन्यांनी दात्याची पुन्हा एचआयव्ही चाचणी, सगळंच राहतं. शिवाय कायद्यानं तोच बाप ठरला तर? दोघींचं नाव पालक म्हणून लावताना क्लिनिकच्या संमतीपत्राचा कुणाला उपयोग झाला का?