स्नोमोबाइलला आफ्टरमार्केट स्की बसवल्या? जुळवाजुळवीचे अनुभव लिहा

मंडळी, स्नोमोबाइल या बर्फावर चालणाऱ्या मशीनसोबत आलेल्या स्की काढल्या, दुसऱ्या कंपनीच्या (आफ्टरमार्केट) बसवल्या, बोल्ट आवळले की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. मग पहिल्याच फेरीत हँडल हातातून ओढलं जायला लागतं आणि दोष नव्या स्कीच्या माथी बसतो. माझं स्पष्ट मत आहे की असे बहुतेक दोष स्कीचे नसतातच. ते स्की आणि स्पिंडल (स्की जिच्या पायाला बसते ती वळणारी उभी दांडी) यांच्या मधल्या रबरात, स्पेसरमध्ये (मधली जागा भरणारी कडी), नाहीतर टाय रॉडमध्ये (हँडलचं वळण स्पिंडलपर्यंत नेणारा दांडा) लपलेले असतात. ज्यांनी स्वतःच्या हातांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. कोणतं मशीन, कोणता ब्रँड हे दुय्यम आहे. काय अडलं, काय मोजलं, कशाने सुटलं ते हवंय.

सुरुवात मी करतो. माझं मशीन ट्रेलवर चालणारं. मूळच्या स्कीची कील, म्हणजे तळाचा लांब उंचवटा, उथळ होती, त्यामुळे वळणावर पुढचा भाग बाहेर घसरत जायचा. खोल कीलच्या स्की घेतल्या. स्कीसोबत आलेल्या माउंटिंग किटमध्ये वेगवेगळ्या जाडीचे स्पेसर असतात, कारण प्रत्येक मशीनच्या स्पिंडलच्या पायाची रुंदी वेगळी. स्की न उचलता आधी नुसता पाया आणि किट हातात घेऊन बसलो. बोल्ट रिकाम्या भोकांतून घालून पाहिला, स्पेसर बदलून पाहिले. खूण सोपी आहे: बोल्ट पूर्ण आवळल्यावर स्कीचं टोक हाताने वर-खाली झुललं पाहिजे, पण आडवं हलवायला गेलं तर खटखट नको. झुलत नसेल तर स्पेसर कमी पडतोय आणि सॅडल (स्कीवरचा, पायाला धरणारा भाग) पायावर दाबली जातेय. आडवी हलत असेल तर मोकळी जागा उरलीय, आणि अशी स्की कितीही जुळवा, ती जुळलेली राहत नाही.

मग मोजणी. आधी ट्रॅक (मशीनखालचा फिरणारा पट्टा) बोगद्यात, म्हणजे त्याच्यावरच्या धातूच्या सांगाड्यात, मधोमध आहे की नाही ते पाहिलं, कारण पुढची सगळी मापं त्याच्यावरूनच घ्यायची. हँडलची दोन्ही टोकं मागच्या बंपरच्या त्या-त्या बाजूच्या कोपऱ्यापासून टेपने मोजून सारखी केली आणि हँडल बांधून टाकलं. पुढचा भाग जॅकवर घेऊन दोन्ही स्कींची टोकं एका लवचीक दोरीने एकमेकांकडे ओढून ठेवली, म्हणजे सांध्यांतला सगळा प्ले (ढिलेपणा) एकाच बाजूला गेला. ट्रॅकच्या कडेला एक लांब, सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पुढे स्कीपर्यंत लावली. स्कीच्या बोल्टच्या पुढे १० इंच आणि मागे १० इंच अशा दोन जागी पट्टीपासून कार्बाइडपर्यंतचं (कीलखाली बसणाऱ्या रनर नावाच्या पट्टीची कठीण धार) अंतर घेतलं. स्कीच्या प्लास्टिकच्या कडेपासून मुळीच नाही. प्लास्टिक साच्यातून येतानाच थोडं वाकडं असू शकतं, आणि बर्फात दिशा धरतो तो कार्बाइडच.

दोन्ही स्की मिळून पुढे एक ते दोन सूत, म्हणजे १/८ ते १/४ इंच जास्त फाकलेल्या, एवढा टो-आउट बऱ्याच मशीनना चालतो. नेमका आकडा आपल्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. टो-इन मात्र कुठल्याच मशीनवर ठेवू नका. टोकं आत वळलेली असली की मशीन एका जागी स्थिर राहत नाही, सारखं डावीकडे-उजवीकडे शोधत फिरतं.

*

वर जॅकवर मोजलं असं लिहिलंय, त्याला एक पुरवणी. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पुढचा भाग उचलून मोजायला सांगितलंय, काहींमध्ये स्की जमिनीवर टेकवून, सस्पेन्शनवर वजन ठेवून. दोन्हींत फरक पडतो, कारण सस्पेन्शन दबतं-उठतं तसा टो थोडा बदलतो. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने मोजून जुळवू नका. आमच्या गटातल्या एकाचं मशीन असंच महिनाभर 'बिघडलेलं' होतं.

*

माझा मुद्दा रबराचा. याबद्दल फार कमी लिहिलं जातं आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे.

नव्या स्कीवर मी टो बरोबर लावला होता, तरी कडक ट्रेलवर दुसऱ्या मशीनच्या कार्बाइडने पाडलेली चरी दिसली की माझं मशीन तिच्यात शिरायचं. पुढचा भाग उचलून कार्बाइडखाली हात घालून पाहिलं. कार्बाइडचं पुढचं टोक घासून चकचकीत झालं होतं आणि मागचा भाग जवळपास कोरा. म्हणजे वजन सगळं पुढे पडत होतं. स्पिंडल ज्या अक्षावर फिरतो त्याच्या पुढे चावा पडला की स्कीला वळत राहायची ओढ लागते. तोच चावा अक्षाच्या मागे पडला की स्की आपणहून सरळ येते.

स्पिंडलच्या पायाखाली जो रबराचा ठोकळा असतो त्याच्या मागच्या भागाखाली पातळ रबरी पट्टीची शिम घातली. त्याने स्कीचा मागचा भाग खाली दाबला गेला आणि टोक किंचित उचललं गेलं. त्यानंतर एका हाताने हँडल धरून सरळ जाता आलं, आणि हा फरक पहिल्या काही मीटरमध्येच कळतो. शिम जाड करण्याचा मोह मात्र टाळा. टोक फार उचललं की वळताना पुढून चावा मिळत नाही. एक पातळ पट्टी, एक फेरी, मग पुन्हा कार्बाइडवरची घासणी बघा. आणि काही ठोकळे पुढे-मागे सारखे नसतात, तेव्हा काढतानाच पुढची बाजू कुठली यावर खडूने खूण करा.

*

मी जाड भुसभुशीत बर्फात, डोंगराळ भागात चालवते. त्यामुळे रुंद स्की घेतल्या. ८ इंचांच्या आसपास रुंदी असली की पुढचा भाग बर्फावर तरंगतो, हे अगदी खरं. पण माझ्या मशीनचा स्टान्स, म्हणजे दोन स्कींमधलं अंतर, मुळातच अरुंद, उतारावर आडवं चालायचं तर तो तसाच हवा. रुंद स्की आली की आतली कड ट्रॅककडे सरकते आणि हँडल पूर्ण वळवल्यावर स्कीचा मागचा भाग कशाला तरी लागतो का ते पाहावंच लागतं. गॅरेजमध्ये सरळ उभ्या मशीनवर हे दिसत नाही. मी शॉक मोकळे करून ए-आर्म (स्पिंडलला मशीनशी जोडणारे सस्पेन्शनचे दांडे) हाताने वर दाबले, आणि त्या स्थितीत हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. डाव्या बाजूला स्की टाय रॉडच्या अगदी जवळ येत होती. किटमधला जाड स्पेसर बाहेरच्या बाजूला घेतल्यावर स्की बाहेर सरकली. दुसऱ्या बाजूलाही तेच करावं लागतं, नाहीतर दोन्ही स्की मध्यापासून सारख्या अंतरावर राहत नाहीत.

स्टेअरिंग जड झालं म्हणून रुंद स्की परत करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की मागच्या सस्पेन्शनचा लिमिटर पट्टा (सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उघडेल ते ठरवणारा) किती आवळलाय ते आधी बघा. तो आखूड असेल तर स्कीवर जास्त भार पडतो. माझा एक भोक सैल केल्यावर हातांवरचा ताण कमी झाला.

*

मी हे काम पोटासाठी करतो. नव्या स्की घेऊन येणाऱ्याला माझं पहिलं वाक्य असतं: दादा, आधी जुन्या सांध्यांकडे बघू. मशीन जॅकवर घ्यायचं, स्कीचं टोक धरून आत-बाहेर हलवायचं, आणि दुसऱ्याने त्याच वेळी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि स्पिंडलच्या बुशिंगवर (दांडी ज्यात फिरते ती नळी) बोट ठेवायचं. बोटाला टकटक लागली तो सांधा गेला. जुन्या स्कीचा चावा कमी होता म्हणून ती टकटक हातांना कळत नव्हती. नवी, खोल कीलची स्की बर्फ घट्ट धरते आणि सगळं हँडलपर्यंत पोचवते. असा सांधा तसाच ठेवून टो जुळवणं म्हणजे हलत्या खुंटीला दोरी ताणून बांधणं.

टाय रॉडबद्दल: बहुतेकांच्या एका टोकाला उलटे आटे असतात. दोन्ही लॉकनट सैल करून मधला रॉड फिरवा, टोकं सोडवू नका. लॉकनट आवळताना दोन्ही टोकांचे सांधे एकाच पातळीत धरा, एक पिळलेला राहिला तर तो अडकतो. आणि आटे किती आत असले पाहिजेत याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तिच्या बाहेर रॉड काढून टो मिळवायची वेळ आली तर थांबा. कुठेतरी काहीतरी वाकलेलं आहे, बहुधा स्पिंडल किंवा ए-आर्म. हे मी कळकळीने सांगतो, कारण रॉड निसटला तर चालवणाऱ्याच्या हातात नुसतं हँडल उरतं.

*

पॉवर स्टेअरिंगवाल्यांनी जास्त सावध राहावं. यामाहाने २०११ च्या एपेक्स मॉडेलवर ते आणलं तेव्हापासून बऱ्याच मशीनवर आलंय आणि हातांना खरंच आराम आहे. पण चुकलेला टोसुद्धा ते झाकून टाकतं. माझ्या मशीनवर त्रास काहीच जाणवत नव्हता, कार्बाइडची धार मात्र एकाच बाजूने उतरली होती. तेव्हा हँडलवर भरवसा न ठेवता रनरकडे बघत जा.

*

चरीत शिरण्याच्या तक्रारीवर जोड-कार्बाइडचे रनर हा उपाय मी वापरला आणि मला पटला. एका धारेऐवजी दोन समांतर धारा, त्यामुळे एकच चरी दोघींना पकडू शकत नाही. उघड्या डांबरावरून किंवा दगडांवरून जाताना मात्र स्टेअरिंग जड लागतं. वरच्या रबराच्या अनुभवाशी हे विरोधी नाही. आधी शिम करून बघा, ती स्वस्त आहे. रनर नंतर.

*

लहानशी भर. स्कीच्या बोल्टचे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट पुन्हा वापरू नका, नवे घ्या. रनरचे नट टॉर्क पान्याने, थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा, कारण खाली प्लास्टिक आहे आणि ते दबतं. पहिल्या फेरीनंतर मशीन थंड झालं की पुन्हा पाना लावा. माझ्याकडे दर वेळी एखादा तरी नट पाव आटा फिरतोच. त्याच वेळी पट्टी लावून टो पुन्हा मोजून घ्या, कारण नवी बुशिंगही पहिल्या फेरीत जागा धरतात.