सल्ला हवाय: प्रेमकथांमधून इटलीच्या राजकारणात उतरायचं आहे

जाईची_वेल
मंडळी, मदत करा. गेली काही वर्षं माझं वाचन म्हणजे निव्वळ प्रेमकथा. पात्रं झगे-तलवारीवाली असतील तर फारच छान. त्यात बोर्जिया आणि मेडिची ही इटलीतली सत्ताधारी घराणी इतक्यांदा भेटली की आता या लोकांचं खरं काय चाललं होतं ते वाचावंसं वाटतंय. उत्साहाच्या भरात सोळाव्या शतकातल्या ग्विच्चार्दिनीचा इटलीचा इतिहास उघडला आणि पिसाच्या युद्धापाशी मान टाकली.

दोन याद्या द्या. एक, रेनेसाँ काळावरच्या बऱ्या प्रेमकादंबऱ्यांची. दुसरी, झोप न आणणाऱ्या राजकीय इतिहासाची. इंग्रजी चालेल. 'आधी पाया पक्का करा' छापाचे सल्ले कृपया नकोत, पाया खणण्यातच माझी उमेद संपते.

तात्या_इतिहासवाले
ग्विच्चार्दिनीचं मनाला लावून घेऊ नका. बोक्कालिनी या इटालियन उपहासकाराने सतराव्या शतकातच त्याची टर उडवून ठेवलीय. एका इसमाला शिक्षा म्हणून ग्विच्चार्दिनीचं पिसाचं युद्ध वाचायला लावतात. पहिलं पान कसंबसं संपवून तो गयावया करतो, की मला जन्मभर जहाजावर वल्ही मारायला पाठवा पण हे आवरा.

तुम्ही एका दिवसापासून सुरुवात करा. 26 एप्रिल 1478, रविवार. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मास चालू असताना मेडिची भावांवर खंजीर चालले. ज्युलियानो तिथेच मेला, लोरेन्झो मानेवर जखम घेऊन सॅक्रिस्टीत (पूजासाहित्याच्या खोलीत) घुसला आणि आतून दारं लावून घेतली. त्यावर लॉरो मार्टिनेसचं 'एप्रिल ब्लड' वाचा. कट करणाऱ्या पात्झी घराण्याची बँक, पोपचे पुतणे, कोणाची मुलगी कोणाकडे दिली, सगळं एकात एक गुंतलेलं आहे आणि तो ते सावकाश सोडवून दाखवतो.

मग मार्चेल्लो सिमोनेत्ताचं 'द मॉन्तेफेल्त्रो कॉन्स्पिरसी'. याच कटाबद्दलचं अर्बिनोच्या ड्यूकचं सांकेतिक लिपीतलं पत्र याला सापडलं आणि ते उलगडायला स्वतःच्याच पूर्वजाने लिहिलेले नियम कामी आले. त्याचा तो पूर्वज, चिक्को सिमोनेत्ता, मिलानच्या दरबारी सचिव होता.

पोथीनिष्ठ
तात्यांशी सहमत, पण जाई, तुला दोन याद्या लागणारच नाहीत. त्या काळी प्रेमाचं लिहिणारे आणि राजकारणाचं लिहिणारे बरेचदा तेच लोक होते. तेव्हा एकेक माणूस धर आणि त्याची दोन्ही पुस्तकं वाच.

पहिला एनेआ सिल्व्हियो पिक्कोलोमिनी. 1444 मध्ये व्हिएन्नात सम्राटाच्या दरबारी नोकरीला असताना त्याने लॅटिनमध्ये एक छोटी प्रेमकथा लिहिली, 'दोन प्रेमिकांची कथा'. सम्राट सिगिस्मुंडचा मुक्काम सिएनात पडलेला आहे. त्याच्या लवाजम्यातला युरियालुस तिथल्या लुक्रेत्सियाच्या प्रेमात पडतो. ती विवाहित, नवरा श्रीमंत आणि संशयी. कुंटणीच्या हातून चिठ्ठी येते तेव्हा लुक्रेत्सिया तिच्यादेखत तिचे तुकडे करते, पायाखाली तुडवते, शिव्या घालते. कुंटणीची पाठ वळते न वळते तोच तुकडे गोळा करून, जुळवून वाचते. पुन्हा पुन्हा वाचते, मुके घेते. पुढे हा गडी हमालाच्या वेशात धान्य वाहण्याच्या निमित्ताने घरात शिरतो. त्याच भेटीत नवरा अवचित कागदपत्रं शोधायला खोलीत येतो, तर ही बाई खिडकीतली पेटीच खाली रस्त्यावर ढकलून देते. सगळे पेटीमागे धावतात आणि कपाटातला माणूस वाचतो. शेवट रडवणारा आहे, सांगत नाही.

आता गंमत बघ. हाच एनेआ 1458 मध्ये पोप झाला, पायस दुसरा. आणि गादीवर बसून त्याने स्वतःच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला, 'कॉमेंटरीज'. सीझरसारखा, स्वतःला 'तो' म्हणत. त्यातल्या निवडणुकीच्या वर्णनाला तोड नाही. रूआंच्या फ्रेंच कार्डिनलसाठी मतं जमवायची खलबतं कुठे होतात, तर शौचकूपात! सकाळी मतमोजणी होते, बहुमत कोणालाच नाही. मग मत बदलायची मुभा. सगळे चिडीचूप बसलेले, आणि पहिला उठतो रोद्रिगो बोर्जिया: मी सिएनाच्या कार्डिनलला (म्हणजे एनेआला) मिळतो. शेवटचं मत द्यायला प्रॉस्पेरो कोलोन्ना उठतो, तर दोघे कार्डिनल त्याला धरून दालनाबाहेर ओढायला बघतात. तो ओढाताणीतच ओरडून मत देतो.

हा रोद्रिगो म्हणजे पुढचा अलेक्झांडर सहावा, तुझ्या कादंबऱ्यांतल्या लुक्रेत्सिया बोर्जियाचा बाप.

पोप झाल्यावर एनेआला ती जुनी प्रेमकथा अडचणीची वाटायला लागली. 1463 मध्ये त्याने जाहीरच करून टाकलं, एनेआला टाका, पायसला स्वीकारा. लोक कसले टाकतात! छपाई रुळल्यावर कथेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 'कॉमेंटरीज' मात्र 1584 पर्यंत छापलीच गेली नाही, तीही कात्री लावून.

हिरवा_कंदील
पोथीनिष्ठ, पोरीने मजेसाठी वाचायला मागितलंय, तुम्ही पोपच्या दारात उभी केलीत :)

जाई, मारिया बेल्लोन्ची वाच. आधी तिचं लुक्रेत्सिया बोर्जियाचं चरित्र, 1939 चं. कादंबरीसारखं वाचलं जातं, पण दप्तरं धुंडाळून लिहिलेलं आहे. मग तिची कादंबरी, 'प्रायव्हेट रेनेसाँ'. मांतुआची इसाबेला देस्ते म्हातारपणी खोलीत बसून सगळा हिशोब मांडते. मध्ये मध्ये एका इंग्रज धर्मगुरूची पत्रं येतात, तो माणूस काल्पनिक आहे पण इसाबेलावर त्याचा जीव जडलाय हे कळतं. मला स्वतःला ही पत्रं थोडी लांबली असं वाटलं, बाकी झकास. (स्ट्रेगा हा इटलीतला साहित्य पुरस्कार सुरू करणाऱ्यांत बेल्लोन्ची होती. 1986 मध्ये याच कादंबरीला तो मिळाला, तेव्हा बाई हयात नव्हत्या.)

परदेशी_पाखरू
साबातिनी कसा कोणी घेतला नाही? राफाएल साबातिनी, 'कॅप्टन ब्लड'वाला. जन्म इटलीतला, लिहायचा इंग्रजीत. तलवारबाजी आणि प्रेम दोन्ही ठासून भरलेलं. रेनेसाँसाठी 'बेलारियन' घे, भाडोत्री सैन्याच्या सरदाराची गोष्ट. आणि त्यानेच 1912 मध्ये लुक्रेत्सियाच्या भावाचं, चेझारे बोर्जियाचं चरित्रही लिहिलंय. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट आहे.

तात्या_इतिहासवाले
चरित्र कसलं, वकीलपत्र आहे ते! चेझारेवरचा प्रत्येक आरोप खोडायचाच असं ठरवून लिहिलंय. वाचायला हरकत नाही, पण सिनिगालियाच्या प्रकरणापाशी थांबा. 31 डिसेंबर 1502. फितूर सरदारांना समेटासाठी बोलावलं, गळाभेटी झाल्या, आत नेऊन कैद केलं. त्यातल्या दोघांचा त्याच रात्री गळा आवळला. फ्लॉरेन्सचा दूत म्हणून मॅकियाव्हेली तेव्हा चेझारेच्या गोटात होता आणि त्याने या घटनेवर वेगळं टिपण लिहिलंय, जेमतेम काही पानांचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

पोथीनिष्ठ
तात्या, बरं केलंत मॅकियाव्हेली काढलात, तो माझा दुसरा माणूस. सगळे 'प्रिन्स'वर थांबतात. जाई, तू 'मांद्रागोला' हे त्याचं नाटक घे. म्हातारा वकील नवरा, देखणी बायको, तिच्यामागे लागलेला तरुण आणि पैसे घेऊन पाप धुऊन देणारा फ्रायर (भिक्षू). नायिकेचं नाव पुन्हा लुक्रेत्सियाच. त्यानंतर त्याचा फ्लॉरेन्सचा इतिहास, मेडिचींच्याच पैशाने लिहिलेला. त्यात पात्झी कटाचं प्रकरण आहे, म्हणजे तात्यांचं पुस्तक वाचून झालं असेल तर पात्रं ओळखीची निघतील.

तिसरा बेम्बो. लुक्रेत्सिया बोर्जियाशी त्याचा पत्रव्यवहार झाला, 'आझोलानी' हे प्रेमावरचे संवाद तिलाच अर्पण केलेत, आणि नंतर साहेब व्हेनिसचे सरकारी इतिहासकार, पुढे कार्डिनल. त्याचा इतिहास मात्र वाचू नकोस, ग्विच्चार्दिनी परवडला. पत्रं वाच. तिच्या केसांची बट मिलानच्या आम्ब्रोसियाना ग्रंथालयात आहे. इंग्रज कवी बायरन ती पत्रं बघायला गेला होता, तेव्हा बटेतला एक केस लांबवून आला.

हिरवा_कंदील
बायरन तसलाच होता. वाचनखूण साठवली आहे.

जाईची_वेल
सगळ्यांचे आभार! तुकडे जुळवणाऱ्या बाईने मला घेतलंय. आज ती कथा, मग बेल्लोन्ची. साबातिनी रात्रीसाठी. पोथीनिष्ठ, 'कॉमेंटरीज' कोणती आवृत्ती? बघितलं तर तेरा भाग दिसतायत आणि किंमत बघून धडकी भरली.

पोथीनिष्ठ
हार्वर्डची ती फिकट निळी आय तात्ती मालिका. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. संपादकांपैकी एक तात्यांचा सिमोनेत्ताच. पण आत्ता विकत घेऊ नकोस. जुना संक्षिप्त अनुवाद आहे, 'मेमॉयर्स ऑफ अ रेनेसाँ पोप', एकाच खंडात, जुन्या पुस्तकांच्या साइटवर बघ. निवडणूक पहिल्या भागाच्या शेवटाकडे आहे, सरळ तिथूनच उघड.