प्रतिसाद: संध्याकाळचं आर्किटेक्चर

दिवसा नोकरी करून संध्याकाळी आर्किटेक्चर शिकावं का, या चर्चेत एकाने म्हटलंय की संध्याकाळी थिअरी शिकता येईल, पण डिझाइन स्टुडिओ, म्हणजे स्वतः डिझाइन करत शिकण्याचा भाग, अर्धवटच राहणार. वेळेच्या ओढाताणीबद्दल पूर्ण सहमत. क्रिटच्या, म्हणजे शिक्षकांसमोर डिझाइन मांडून टीका ऐकण्याच्या, आदल्या रात्री मॉडेल चिकटवायचं आणि सकाळी ऑफिस गाठायचं, हे खरंच अंगावर येतं. पण संध्याकाळचं शिक्षण म्हणजे दुय्यम, हे मात्र अजिबात पटत नाही. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या आर्किटेक्चरच्या शाळेची सुरुवात १८४७ साली दिवसा ऑफिसांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांनीच केली, संध्याकाळी एकत्र जमून. तिथे दिवसाची शाळा आली ती थेट १९०१ मध्ये! ॲमस्टरडॅमच्या आर्किटेक्चर अकादमीत तर आजही आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

माझा अनुभव असा की दिवसाचं काम संध्याकाळच्या ड्रॉइंग बोर्डावर उतरतं. ऑफिसात जिन्याचा सेक्शन (उभा छेद) काढताना लँडिंगखालच्या बीममुळे हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, कशी कमी पडते ते पाहिलं होतं. त्यानंतर स्टुडिओत जिना प्लॅनमध्ये (वरून दिसणाऱ्या आराखड्यात) नुसता टाकून मोकळं होणं जमेचना, सेक्शन आधी काढला जायचा. प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासा: त्या पदवीवर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होते का, आणि शिकताना केलेलं काम अनुभवात धरतात का. अमेरिकेत परवान्यासाठी ३,७४० तासांचा अनुभव लागतो आणि शिकत असतानाचे तासही त्यात धरता येतात. त्यासाठी तासांची नोंद पहिल्या नोकरीपासूनच, वेळच्या वेळी करत जा.